रात्रीची नाडी

निम्मा डोंगर चढून झाला तरी गोजराबाईंना धाप लागली नव्हती. मागून येणारी शुभांगी मात्र त्यांच्या पाठीकडे बघत जीव मुठीत धरून चालली होती. आदल्याच दिवशी तिनं लॅपटॉपवर त्यांच्या नाडीचा आलेख पाहिला होता. रात्री मध्येच ठोका हुकायचा, मग एकदम उधळल्यासारखा पळायचा. आणि असं काळीज घेऊन ही बाई देवीचा डोंगर अनवाणी चढत होती.

"मावशी, बसा जरा."

"तू बस. बूट तुज्या पायात हायेत, अन् दमलीस बी तूच."

शुभांगी औशाकडची. आरोग्यमाहितीशास्त्रात एमएस्सी करत होती आणि महाळुंग्यात गोजराबाईंच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. शेतात राबणाऱ्या, पन्नाशीपुढच्या बायकांची नाडी मनगटावरचा पट्टा नीट मोजतो का, हा तिचा प्रकल्प. नीतिसमितीची परवानगी आली, पट्टे आले, पण हात पुढं करायला बाई मिळेना. हिरव्या बांगड्यांशेजारी ते काळं कोण बांधणार? तेव्हा गोजराबाईंनी देवळाच्या ओट्यावर सगळ्यांदेखत आपला हात पुढं केला, आणि त्यांच्या भरवशावर बाकीच्या आल्या. जमीन इमारतींचे टॉवर बांधणाऱ्यांना गेली तरी उरल्या तुकड्यात भात लावणारी बाई ती; तिचा शब्द गावात चालायचा. तिचे यजमान हैबतराव तेवढे हसले होते, "बरं झालं. भाकरीला उशीर झाला की आता मशीनच सांगंल."

शेवटी शुभांगीनं बोलून टाकलं. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तुमच्या काळजाचं काहीतरी बिनसलंय."

गोजराबाई थांबल्या. "रात्रीचंच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते माजं न्हाई. ह्यांचं हाय."

शुभांगी वाटेतल्या दगडावर बसली.

"हे झोपले की पट्टा त्यांच्या हाताला बांधते. उजाडायच्या आत काढते. हात तोडून नेला तरी जाग येत न्हाई त्यांना. झोपेत श्वास अडकतो बघ. मी हलवते, मग चालू होतो. दवाखाना म्हटलं की अंगावर येतात. थोरले दीर तपासायला म्हणून गेले, ते चालत परत आले न्हाईत, तवापासून. माज्या बोलण्यावर कोण इश्वास ठेवतंय? म्हटलं, मशीनला तरी कळू दे."

एका नावाखाली दोन माणसांची नाडी, आणि त्यातल्या एकाला पत्ताच नाही. तो आलेख शुभांगीनं प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांना पाठवूनही दिला होता. आणि त्याच हैबतरावांनी सकाळी "जपून जा गं पोरी" म्हणत तिच्या हातात चहाचा कप ठेवला होता.

"तुमची सगळी माहिती काढून टाकावी लागेल, मावशी. सरांनाही सांगावं लागेल."

"काढ की. हात मीच पुढं केला, फसवलं बी मीच."

वर घंटा वाजली. शुभांगीनं बसल्या जागी हात जोडले. गोजराबाई तिच्याजवळ टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"सरांना काय सांगायचं ते सांग. ह्यांना मातर एवढंच सांग, की मशीनमदी तुमचंच नाव निघालंय, तपासायला चला. बायकोनं बांधलं म्हणू नकोस. चिडून गच्चीवर झोपायला जातील, मग रात्री हलवायला कोण? देवीपुढं खोटं बोल म्हणत न्हाई मी. खाली उतरल्यावर बोल."