घंटी शेजारच्या घरात

“डब्यावरचा लाइट हिरवा आहे ना?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“हिरवा आहे.”

“तो अपनी साइड से ओके. टिकिट क्लोज करा, म्हात्रे.”

“पण साहेब, फोन मुका आहे.”

“फोन उनका है, डब्बा हमारा. क्लोज करा आणि पुढे निघा. अजून दोन कॉल पेंडिंग आहेत.”

मी म्हसळ्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावाच्या चढावर उभा होतो. या गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त या चढावर. खाली घरांमध्ये ती औषधालाही सापडत नाही. टिकिट म्हणजे आमच्या भाषेत ग्राहकाची तक्रार. ती सोडवली की क्लोज करायची. न सोडवताही क्लोज करता येते, ही विद्या साहेब माझ्याआधी शिकले. मी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून जन्म काढला, रिटायर झालो आणि आता फायबर टाकणाऱ्या एका फ्रँचायझीकडे काम करतो. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. माणूस चांगला, फक्त घाई फार.

तक्रार जैनब खालांच्या घरची होती. त्यांची तांब्याची जुनी लाइन दर पावसाळ्यात बंद पडायची, म्हणून त्यांनी ती सोडून आमचं फायबर घेतलं. नंबर जुनाच राहिला. नेट लगेच सुरू झालं, पण त्याच दिवसापासून घरचा फोन डेड.

चढ उतरून परत आलो तर खाला पडवीत वाटच बघत होत्या.

“काय बोलला तुमचा साहेब?”

“सगळं ओके आहे म्हणाले.”

“ओके हाय तं फोन बोलत का नाय? म्हात्रेभाऊ, आज जुम्मा हाय. नातीचा सातवा दिस. दोन वाजता रशीदचा फोन येवाचा हाय. तो सांगेल तेच नाव ठेवाचा, असा ठरलाय.”

रशीद त्यांचा मुलगा, मालवाहू जहाजावर कामाला. मुलगी झाली तेव्हा तो भर समुद्रात होता आणि अजूनही तिथेच होता. जहाजावर नेट नावापुरतं, पण शुक्रवारी सॅटेलाइट फोनवरून थोडा वेळ बोलायला मिळतं. मोबाइलवर फोन करून उपयोग नाही, आणि बाळंतिणीला उचलून चढावर कोण नेणार? पाठ असलेला हा एकच नंबर तो लावणार होता. तो लागला नाही की पुढचा शुक्रवार.

“होईल ना काका?” आतून सून नाझियाने विचारलं. तिच्या मांडीवर ती बिननावाची मुलगी झोपली होती.

“होईल,” मी म्हणालो. बारा वाजून गेले होते. असं ‘होईल’ मी हजार घरांत म्हटलं असेन.

पहिला दोष सोपा होता. आमच्या माणसाने फायबरचा नवा डबा, ज्यातून नेट आणि फोन दोन्ही निघतात, आतल्या खोलीत कपाटावर बसवला होता. फोन त्या डब्याला लावायला हवा होता, पण खालांनी तो जागचा हलवू दिला नव्हता. क्रोशाच्या रुमालाखाली, हॉलमधल्या त्याच स्टुलावर तो वर्षानुवर्षं बसलेला. तो जोडलेला होता भिंतीवरच्या जुन्या रोझेटला. रोझेट म्हणजे बाहेरची तार घरात जिथे उतरते ती काडेपेटीएवढी डबी. त्या डबीत अजून तांब्याची जुनी तारच येत होती आणि तिच्यात जीव उरला नव्हता.

“फोन आत नेऊन ठेवू का?” मी विचारून पाहिलं.

“फोनची जागा ती हाय,” खाला म्हणाल्या. विषय संपला.

अशा वेळी लाइन उलटी फिरवायची. आधी बाहेरून येणारी जुनी तार तोडायची, कारण ती ओली सडकी तार नव्या लाइनीलाही खाली ओढते. मग डब्याच्या फोनच्या भोकातून वायर काढून घरातल्याच जुन्या वायरिंगला जोडायची. मी तसं केलं आणि रिसीव्हर उचलला. डायल टोन! खालांच्या कानाला लावला तर त्या ‘माशाल्ला’ म्हणाल्या. मी ऐटीत चढ चढलो आणि माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. माझ्या कानात रिंग वाजत राहिली, पण कोणी उचलेना.

खाली येऊन मी जरा चिडूनच विचारलं, “फोन उचलला का नाही?”

“वाजला कुठं? नुसता टिकटिक केलान,” नाझिया म्हणाली. “पालीवानी.”

आता हे समजावून सांगायला हवं. फोनवर बोलायला थोडा करंट पुरतो, घंटी वाजवायला दांडगा लागतो. जुन्या एक्स्चेंजकडे तो मुबलक असायचा. एका लाइनीवर चार घंट्या टांगल्या तरी चारही ठणठणायच्या. या प्लास्टिकच्या डब्यात तेवढा दम नाही. जुन्या पद्धतीची एखादी घंटी तो वाजवतो. जास्त असल्या तर करंट सगळ्यांत वाटला जातो आणि एकही धड वाजत नाही. पण इथे तर फोन एकच होता. म्हणजे आणखी घंट्या कुठेतरी लपलेल्या होत्या.

मी शिडी लावली आणि वायर धरून कौलांखालून सरकत गेलो. वळचणीला एक सांधा सापडला. त्यातून एक तार मागच्या नारळी-पोफळीच्या वाडीत गेलेली, दुसरी शेजारच्या घराकडे. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी, आणि तिला मारलेली गाठही ओळखीची. असा सांधा मारणारा गाढव अख्ख्या तालुक्यात एकच होता आणि तो आत्ता शिडीवर उभा होता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मग सगळं आठवलं. तेव्हा या आळीत हा एकच फोन होता. निम्मे पुरुष आखातात, निम्मे जहाजावर, आणि सगळ्यांचे फोन इथेच यायचे. घरची माणसं दिवसभर मागे वाडीत. म्हणून खालांच्या मियाँनी, ते आता नाहीत, मला गळ घातली की एक घंटी वाडीत बसव आणि एक शेजारी सकीना चाचींच्या पडवीत. चाचींचा आवाज खणखणीत, त्या आळीभर पुकारा करायच्या. खात्याच्या नियमात हे बसत नव्हतं. पण खालांनी सांदणांची ताटली पुढे ठेवली. तांदळाच्या त्या गोड, वाफवलेल्या सांदणांपुढे नियम टिकला नाही.

वाडीतली घंटी गंजून गेली होती, ती आधी सोडवली. पुन्हा चढावर जाऊन नंबर लावला, पुन्हा खाली आलो. माझे गुडघे मला शिव्या देत होते. आता हॉलमध्ये पाल आणि शेजारीही पाल. दोनातली एक घंटी काढणं भागच होतं. पावणेदोन झाले होते.

“शेजारची तोडतो,” मी म्हणालो आणि पकड उचलली.

खालांनी माझं मनगट धरलं. “ती नको. ही काप.”

“तुमच्या घरची? आणि मग फोन आलेला कळणार कसा?”

“आजवर कसा कळला? मना ऐकू कमी येतं, नाझिया असते वाडीत. सकीनाच ओरडते, मंग आम्ही धावतो.” मग त्यांनी आवाज उतरवला. “तिचे दोन्ही पोरगे कतारला हायत, भाऊ. घरात दुसरा कोन नाय. घंटी वाजली की तिला उठावा लागतं, इकडं यावा लागतं. ती घंटी तोडलीत तं ती दिवसभर कुनाशी बोलेल?”

मी हॉलमधल्या फोनकडे वळलो. फोन उलटा केला, चार स्क्रू काढले आणि आतल्या घंटीची एक वायर कापली. आता तो फोन बोलणार होता, ऐकणार होता, फक्त वाजणार नव्हता. पुन्हा चढावर जाऊन तपासायला वेळ नव्हता. टेस्ट न करता लाइन सोडायची नाही हा माझा जन्माचा नियम. तो त्या दिवशी मोडला, आणि मी दारात उभा राहून शेजारच्या पडवीकडे बघत राहिलो.

सकीना चाची घंटीखालीच बसून सुपात सुका जवळा निवडत होत्या. दोन वाजले. दोन वाजून पाच मिनिटं झाली. आत मुलगी रडायला लागली. खाला माझ्याकडे बघेनात, आणि तेच मला जास्त लागलं.

मग ती वाजली. काय वाजली! इतक्या वर्षांचा गंज झाडून ठणठणली. चाचींचं सूप एकीकडे, जवळा दुसरीकडे. एका पायात चप्पल घालून त्या धावत सुटल्या. “गो जैनब! फोन! तुझ्या पोराचा फोन!”

खाला रिसीव्हरला बिलगल्या, दोन शब्द बोलल्या आणि तो नाझियाला दिला. ती ऐकत राहिली, हसता हसता डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, “मरियम.”

खालांच्या मनात दुसरं काहीतरी असावं, कारण चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाल्या, “मरियम तं मरियम. बेस हाय.” तोवर चाची दारात जाऊन आळीला नाव सांगूनही आल्या होत्या. माझेही डोळे भरले. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “म्हात्रे, टिकिटमध्ये ये क्या लिखा है? फोन एका घरात आणि घंटी दुसऱ्या घरात? कस्टमरने कंप्लेंट केली तर?”

“नाही करणार. सही घेतली आहे.”

“किसकी?”

“दोघींची.”

साहेबांनी टिकिट क्लोज केलं.

यातून मी एवढंच शिकलो, की जुन्या लाइनीला हात लावण्याआधी तिच्यावर कोण कोण आहे ते विचारून घ्यावं. आणि सांदणं खाऊन केलेलं काम कुठेतरी लिहून ठेवावं. त्या दिवशी निघताना खालांनी पुन्हा ताटली पुढे केली. मी सहा खाल्ली, आणि हे लिहून ठेवलं.