मैत्रीचे नट

माझे वडील भाऊराव महूच्या लष्करी वर्कशॉपात मेकॅनिक होते. रिटायर होताना त्यांनी लिलावातली एक भंगार जीप घरी आणली, तेव्हा आई म्हणाली, "एक खटारा घरात होताच, आता दुसरा आला!" त्याच खटाऱ्यात बसून आम्ही दर भीमजयंतीला सुदामा नगरातल्या घरून महूला जायचो.

त्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. सगळं जग नट ज्या दिशेनं सोडवतं, त्या दिशेनं हे आवळले जातात. मी, मैत्री, डावखुरी आणि जन्माची आडमुठी, म्हणून पप्पांनी त्यांना माझंच नाव दिलं, मैत्रीचे नट. "यांच्यावर जोर नाही चालत भिया, समझून घ्यावं लागतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला राग यायचा, आणि आवडायचंही.

आता आई नाही. गेल्या वर्षापासून पप्पा विसरू लागले. आधी चष्मा, मग घराची गल्ली, मग आई गेल्याचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी त्यांच्याशीच भांडले. डोकं विसरत असेल, हात कसे विसरतील? तेवढ्या एका आशेवर मी दिवस काढत होते.

जयंतीच्या आधीच्या रविवारी जीपच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक जाम झाला. मी मुद्दामच मेकॅनिक बोलावला नाही, चाक खोलायला पाना पप्पांच्या हातात दिला. नट गंजून घट्ट बसले होते. पप्पांनी त्यांवर डिझेल सोडलं, हातोडीनं हलके ठोके दिले, पान्याला लांब पाइप चढवला. सगळं जिथल्या तिथे. मी मनात म्हटलं, या आता डॉक्टरसाहेब, बघा!

मग त्यांनी जोर लावला. सगळं जग लावतं त्याच दिशेनं.

"पप्पा, दुसऱ्या बाजूनं."

ऐकेनात. बनियन घामानं भिजलं, आणि नट आणखीच आवळत गेला. मला ते बघवेना. मी पाना धरला. "पप्पा, उलटे आटे आहेत ना."

त्यांनी माझा हात बाजूला केला. रागानं नाही, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "हात नका लावू मॅडमजी, काळे होतील. हे मैत्रीचे नट आहेत. ती आली की खोलेल."

मी विचारलं, "कधी येणार ती?"

"ऑफिस सुटलं की येतेच. थोडी आडमुठी आहे, पण माझ्याबिगर चाय नाही पीत."

मी आत जाऊन पोटभर रडले, मग दोन कप चहा करून आणला. पप्पांनी दोन्ही कपांवर बशा झाकल्या आणि फाटकाकडे बघत बसले. मी त्यांच्या शेजारीच होते.