पिपाणी म्हणाले त्याला

माझ्या लहान ट्रंपेटला खेडच्या त्या लग्नात जे नाव ठेवलं गेलं, ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, सोडून दे, इतकी वर्षं झाली. का सोडू?

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीत आमचा बँड होता, लग्नामुंजीत वाजवणारा. वडील बँडमास्तर, मी पुढचा ट्रंपेट. गाण्याचा मुखडा मी धरायचो आणि अंतऱ्यात बाईच्या गळ्याची उंच ओळ आली की ती क्लॅरनेटवाला उचलायचा. मग तो मुंबईला गेला, गोदीत चिकटला, आणि ते सगळे अंतरे माझ्या गळ्यात पडले. नेहमीच्या ट्रंपेटवर तासभर वरचे सूर काढले की ओठ सुजायचे. नेमका शेवटचा सूर फाटायचा.

वडीलच म्हणाले, "मुंबईस जा. आखूड नळीचा ट्रंपेट मिळतो म्हणतात. बघून ये."

जुनी वाद्यं विकणाऱ्या एका दुकानात मी दुपारभर फुंकत बसलो. सगळ्यात चिमुकला ट्रंपेट जेमतेम दीड वीत होता. बंद खोलीत त्याचा आवाज असा लखलखीत की खाली ठेववेना. पण त्याचा माउथपीस अरुंद, आवाज बारीक. रस्त्यावर ढोलापुढे तो कुणाला ऐकू गेला असता? मग मी ई-फ्लॅट पट्टीचा मधल्या मापाचा ट्रंपेट उचलला. नेहमीच्यापेक्षा आखूड, पण आवाजाला अंग होतं. तोच घेतला.

लहान नळीत वरचे सूर फुकट मिळतात, असं आमच्याच बँडमधल्यांना वाटायचं. "सोपा मार्ग काढलास," म्हणाले. काय सोपं होतं त्यात? ओठ तेच, छाती तीच. वर जाताना शेजारच्याच सुरावर घसरायची भीती तेवढी कमी होते. उलट श्वास जरा ढळला की हा लगेच बेसूर बोलतो. मोठ्यात खपतं ते यात खपत नाही. शिवाय बँडचा सा माझ्या हातात पंचम झाला होता. पाठ असलेली सगळी गाणी बोटांना पुन्हा शिकवली, परसातल्या फणसाखाली उभं राहून, पावसाळाभर.

पुढच्या मे महिन्यात खेडला लग्न होतं. एसटीच्या टपावर ढोल बांधून आम्ही गेलो. नवरदेव कार्यालयाकडे निघायचा होता, ऊन रणरणत होतं. मी पेटीतून लहान ट्रंपेट काढला, तेवढ्यात नवऱ्याचे काका पुढे आले. आंब्याच्या बागा असलेले, गळ्यात उपरणं.

"हे काय हो मास्तर? बँड सांगितला होता की जत्रेतली पिपाणी?"

वऱ्हाड हसलं. मी वडिलांकडे पाहिलं. ज्यांनी मला मुंबईला धाडलं, ते आता सांगतील, असं मला वाटलं. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेव तो. मोठा घे."

"बाबा, पहिलंच गाणं वरचं आहे."

"मोठा घे म्हटलं ना."

घेतला. पहिल्या चौकापर्यंत निभावलं. दुसऱ्या अंतऱ्यात, जिथे मोठ्यावर फाटणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं, तिथेच सूर फाटला. काका मागे वळून मोठ्याने म्हणाले, "काय हो, न्याहारी नाही केली काय पोरानं?" पुन्हा हसले सगळे.

मी थांबलो. भर रस्त्यात वाजवायचंच बंद केलं. ढोल तेवढा चालू राहिला. आमच्या सामानाच्या हातगाडीवरच्या पेटीतून लहान ट्रंपेट काढला, उन्हात पितळ तापून त्याचा सूर चढलेला. नळी थोडी बाहेर ओढली, जुळवून घेतला आणि तोच अंतरा पुन्हा धरला. वरची ओळ सरळ गेली, कुठे न अडखळता. घराघरांतून बायका ओट्यावर आल्या. नवरदेवाच्या मित्रांनी तीच ओळ आणखी दोनदा मागितली.

कार्यालयाच्या दारात काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं! असं मोठ्या ट्रंपेटसारखं वाजवावं."

मी हातातला ट्रंपेट त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा लहान आहे. तुम्ही ठेवायला लावलात तो."

त्यांनी क्षणभर पाहिलं. "मग आधीच का नाही काढलास?" म्हणाले आणि पंगतीची व्यवस्था बघायला आत गेले. चूक माझीच ठरली!

परतीच्या एसटीत वडील माझ्या शेजारी बसले. मी खिडकीकडे तोंड केलं.

"गिऱ्हाईक आहे रे," ते म्हणाले.

"आणि मी कोण?"

ते कंडक्टरकडून तिकिटं घेऊ लागले. काकांना काही माहीत नव्हतं, ते बोलून गेले. वडिलांना सगळं माहीत होतं. रत्नागिरी येईपर्यंत मला कळलं होतं की माझा खरा राग कुणावर आहे.

आठवड्याने मिरकरवाड्याहून एक गृहस्थ सुपारी द्यायला आले. मी आत होतो. वडिलांचा आवाज ऐकू आला. "ट्रंपेट दोन येतील. कुठला कधी वाजवायचा ते वाजवणारा ठरवेल, मी नाही आणि तुम्हीही नाही. जमत असेल तर बोला."

गृहस्थ म्हणाले, विचार करून सांगतो. ते काही पुन्हा आले नाहीत. वडिलांनी माझी माफी मागितली नाही, कधीच. पण त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी आधी हेच सांगितलं.