कंगवेवाले आजोबा

"अगं आई गं, मेले मी!" सासूबाईंच्या किंकाळीनं ॲरिझोनाचं अख्खं वाळवंट दोन इंच सरकलं. पूजेला फूल हवं म्हणून त्यांनी म्युझियमच्या आवारातल्या निवडुंगात हात घातला, अन् काट्यांचा गोळाच तळव्याला चिकटला. सोडवायला गेलो, तर माझंही बोट अडकलं!

तेवढ्यात म्युझियमच्या पायऱ्या सावकाश उतरत एक गोरे आजोबा आले. तिथले स्वयंसेवक असावेत. "हलू नका," एवढंच म्हणाले. खिशातून कंगवा काढून गोळ्याखाली सारला आणि झटका दिला. गोळा बहुधा मेक्सिकोत पडला. उरलेले काटे त्यांनी तांदळातले खडे निवडावेत तसे चिमट्यानं वेचले. फुलाबद्दल चकार शब्द नाही.

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई रडता रडता हसल्या, "शंभर वर्षं जगा हो आजोबा!"

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"म्हणजे अजून चारच," ते म्हणाले.