दाजींनी न सांगितलेले बेल्ट

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कुणाला ताकास तूर लागू देत नाहीत. "कुठे निघालात?" विचारलं तरी आधी "का?" म्हणतील. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दाजींचं तोंड कधी भाजलंच नव्हतं. ते उगाचच फुंकत बसले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

त्यांचं मशीनच्या बेल्टचं दुकान. पंप, लेथ, गिरणी, काहीही अडलं की माणूस तुटका बेल्ट हातात घेऊन यायचा. त्या नंबरचा बेल्ट संपला असेल, तर दुसऱ्या कुठल्या कंपनीचा तिथे बसतो, हे दाजींना तोंडपाठ. गिऱ्हाईक टिकून होतं ते त्याच्यावरच.

दाजींचे गुडघे गेले आणि घरात दुकान विकायची भाषा सुरू झाली. तेव्हा भाची म्हणाली, "बाबा, नोकरी सोडून मी बसते दुकानात. पण सगळं कॉम्प्युटरवर आणा. दर गिऱ्हाइकाला तुम्हाला फोन लावत बसणार नाही." त्या दिवशी दाजी जेवताना चक्क गुणगुणत होते.

सॉफ्टवेअर करायला एक बाई आल्या. थेट काम सुरू न करता आधी आठवडाभर दुकानात स्टूल टाकून बसल्या. मी तिथेच होतो. त्यांनी विचारलं, "काका, नंबर नसला की काय देता?"

"काही नाही. माल नाही म्हणून सांगतो."

"पण आत्ताच तुम्ही दुसरा काढून दिलात."

"तो माणूस ओळखीचा होता."

बाई हसल्या नाहीत. "तुमची माहिती दुसऱ्या दुकानात जाणार नाही. हवं तर लिहून देते. पण मला खरं सांगितलं नाहीत, तर मी खोटंच दुकान बांधीन."

"अहो, खरंच सांगतोय," दाजी म्हणाले, आणि बाई उठून गेल्यावर मला डोळा मारला.

प्रोग्राम आला, भाची गल्ल्यावर बसली. नंबर टाकला की पडद्यावर यायचं, 'माल शिल्लक नाही'. ती बिचारी हात जोडून नाही म्हणायची आणि बरोबर बसणारा बेल्ट तिच्या मागेच खुंटीला लटकलेला असायचा. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या दुकानात वळली. भाचीने बाईंना बोलावून फैलावर घेतलं. बाईंनी शांतपणे एवढंच सांगितलं, "मी हे दोनदा विचारलं होतं."

भाची वडिलांकडे वळली. "बाबा, त्या परक्या होत्या. मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो गं. हळूहळू."

ती महिनाअखेरीला पुन्हा नोकरीवर रुजू झाली, दुसऱ्या शहरात. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग दाजी काठी टेकत बाईंच्या ऑफिसात गेले आणि कुठल्या बेल्टला कुठला चालतो, सगळं सांगून आले. त्यासाठी त्यांना चार खेपा पडल्या. ताई म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." बाईंनी मात्र मनापासून काम केलं. आता कुठलाही नंबर टाका, पर्याय समोर येतो.

नवा प्रोग्राम सुरू झाला त्याच संध्याकाळी दाजींनी माझ्यासमोर स्पीकरवर भाचीला फोन लावला. "सगळं सांगितलं बघ त्यांना. एक गोष्ट ठेवली नाही. आता कुणीही दुकान चालवू शकेल."

"छान झालं, बाबा," ती म्हणाली. "मग आता विकायलाही सोपं जाईल."