वरचे काका आणि ओरडणारा ससा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका खात्रीशीर माणूस अख्ख्या जपानात नसेल, आणि जपानात नसेल तर इतरत्र शोधण्यात अर्थ नाही. आधी पुण्यात पंधरा आणि मग इथे नागोयात एकोणीस वर्षं त्यांनी गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या अवाढव्य प्रेसशेजारी उभं राहून काढली. इथल्या कारखान्यांत एक रीत आहे. कुठलंही बटण दाबण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायचं, काय पाहिलं ते मोठ्याने म्हणायचं आणि शेवटी ‘योशी’, म्हणजे ‘ठीक आहे’, असा पुकारा करायचा. बाकीचे लोक ही रीत संध्याकाळी कारखान्यातच ठेवून येतात. काका ती घरी घेऊन आले. रोज सकाळी साडेसहाला वरून आवाज यायचा, “गॅस बंद, योशी! खिडकी बंद, योशी! किल्ली खिशात, योशी!” आणि खाली आम्ही गजर न लावता उठायचो. कचऱ्याच्या दिवशी ते सगळ्या इमारतीच्या पिशव्यांवरून बोट फिरवत. एकदा माझ्या पिशवीत दह्याच्या डब्याचं न धुतलेलं झाकण दिसलं, तर त्यांनी योशी म्हणायला साफ नकार दिला आणि मी ऑफिसच्या कपड्यांत पुन्हा घरी जाऊन ते झाकण घासून आणलं. लग्नाच्या वाढदिवसाला काकू पैठणी नेसून आल्या, तेव्हाही त्यांनी बोट दाखवून योशीच म्हटलं. उभ्या संसारात याहून मोठं कौतुक वाट्याला आलं नाही, असं काकू हसत सांगतात. कान तपासून घ्या म्हणून त्या कधीच्या मागे लागल्या होत्या, पण काकांचं म्हणणं असं, की त्यांचे कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत.

अशा माणसाचा जीव जडला तो एका सशावर. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या मधोमध दाइसेत्सुझान नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटलं की आपल्याला बाकं आणि भेळ आठवते. इथे दिवसचे दिवस चाललं तरी न संपणारे डोंगर, धुमसणारे ज्वालामुखी, गुडघ्याएवढे पाइन, उन्हाळ्यातही न वितळणारे बर्फाचे पट्टे आणि तपकिरी अस्वलं आहेत. तिथल्या दगडांच्या राशींत मुठीएवढा, आखूड कानांचा एक ससा राहतो. त्याला नाकी-उसागी म्हणतात, म्हणजे ओरडणारा ससा. हिमयुगात तो तिकडे आला आणि परतायची वाट बंद झाल्यावर डोंगरमाथ्यावरच राहिला. परमुलखात चिवटपणे टिकलेला म्हणून काकांना त्याच्याबद्दल आपुलकी वाटत असावी. तो दिसतो क्वचितच, ऐकू मात्र येतो. काका दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते. एकदा पाऊस आडवा आला, एकदा अस्वल. यंदा ऑक्टोबरात ते कायमचे पुण्याला जाणार होते आणि सशाला भेटल्याशिवाय जपान सोडायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. म्हणून सप्टेंबरात काका, काकू, मी आणि माझी सात वर्षांची ईरा असे चौघं निघालो. माझ्या बायकोने ऑफिसचं काम पुढे केलं. ते खरोखर होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

पायवाटेवर सोडण्याआधी उद्यानाचे कर्मचारी एका खोलीत बसवून अस्वलांबद्दल चार गोष्टी समजावून सांगतात. काकांनी प्रत्येक गोष्टीला बोट दाखवलं. खाणं बंद डब्यात, योशी. घोळका सोडायचा नाही, योशी. काकूंची लसणाची चटणी तीन डब्यांत एकात एक घालून आणली होती. ते तिन्ही डबे उघडून दाखवले गेले, आणि मग खोलीभर पसरलेल्या वासाचं काय करायचं हे कुणालाच कळेना. त्यांच्यातला एक पांढऱ्या केसांचा कर्मचारी मात्र काकांवर इतका खूश झाला, की शेवटचे दोन नियम दोघांनी एका सुरात पुकारले. वाटेत हरणांचा कळप दिसला, योशी. एक कोल्हा अगदी रस्त्याच्या कडेला येऊन बसला होता, त्याला शेपटीसकट योशी मिळाली. लालभडक झालेल्या झुडपांमधून काका असे चालत होते, जणू डोंगर त्यांनाच ताब्यात घ्यायचा आहे.

दगडांच्या राशीपाशी पोचलो आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. तासभर आम्ही थर्मासचा चहा पीत बसून राहिलो. मग धुक्यातून किच्, किच् असा बारीक, टोकदार आवाज आला. ईरा ताडकन उठली. “किकोएता!” मराठी तिला आनंदात आठवत नाही; ऐकू आलं, असं ती म्हणत होती. काकूंनीही मान डोलावली. काकांचं बोट वर गेलं आणि आम्ही योशीची वाट पाहू लागलो. ससा पुन्हा ओरडला. मग आणखी एकदा, अगदी जवळून. काकांचं बोट तसंच धुक्याकडे रोखलेलं होतं आणि ते ईराच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला सगळं समजलं. चौतीस वर्षं त्या प्रेसने त्यांच्या कानांतले बारीक आवाज एकेक करून दाबून टाकले होते.

“अहो, म्हणा ना,” काकू हळूच म्हणाल्या. “आम्ही तिघांनी ऐकलंय.”

काकांनी बोट खाली घेतलं. “मला नाही आलं. न ऐकता कसं म्हणू?”

पुढचा अर्धा तास कुणी त्यांना निघू या म्हणालं नाही. शेवटी तेच उठले.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. इथल्या बसमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही, आणि काकांनी तर आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणला होता. “कसा असतो रे?” त्यांनी विचारलं. मी किच् करून दाखवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी जरा जाड आवाजात केलं, मग आणखी जाड. शेवटी ते सशाचं ओरडणं कमी आणि बेडकाचं जास्त झालं. पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून पाहिलं. काकांचा चेहरा मात्र एकदम उजळला.

“असा होय,” ते म्हणाले. “चांगला आहे की. पुन्हा कर.”

मी पुन्हा केलं. बस डोंगर उतरत होती, काकांनी डोळे मिटले होते, आणि खाली गाव येईपर्यंत मी थांबलो नाही.