टोप काढायचा राहिला

आमच्या ह्यांना कुणी पोतराज म्हटलं असतं ना, तर पूर्वी मीच त्याचं थोबाड फोडलं असतं. आता कुणाकुणाचं फोडू?

हे म्हणजे शिवदास, माझा नवरा. घाटकोपरच्या आमच्या वस्तीत सगळे दादाच म्हणतात. महापालिकेच्या बागेत माळी होते, पण जीव सगळा गाण्यात. बाबासाहेबांची गाणी स्वतः लिहायची, स्वतःच चाल लावायची आणि चौदा एप्रिलला विहारासमोरच्या स्टेजवर उभं राहायचं. शेवटचं गाणं ठरलेलं, माझ्या सासऱ्यांवरचं.

सासरे, आमचे आण्णा, गावाकडे पोतराज होते. मरीआईच्या नावानं केस वाढवलेले, कमरेला चिंध्यांचा घागरा, अंगावर आसूड ओढत दारोदार मागायचं. धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी त्यांनी चारचौघांत बसून केस कापून घेतले आणि आसूड चुलीत घातला. ह्यांचं गाणं त्यावरच: "कातर चालली बापाच्या केसावर, मान आली वर, मान आली वर." ह्या ओळीला वस्तीतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात. मीही लावते, खोटं कशाला बोलू?

मग ते देवव्रतसर आले, पार्ल्याचे. परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमचा लोककलांचा महोत्सव होता, त्यासाठी कलाकार शोधत होते. माणूस तसा गोड, आमच्याकडे चहा मागून प्यायला. गाणं ऐकून म्हणाले, "झकास, दादा! पण तिकडच्यांना पोतराज म्हणजे काय तेच ठाऊक नाही. आधी थोडा पोतराज दाखवा, मग गाणं."

सर गेल्यावर मी म्हटलं, "अहो, सरळ नाही म्हणून सांगा. बापानं टाकलेलं तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

"शांता, ऐक तर! केसांचा टोप घालतो, आसूड घेतो, नाचतो. आणि मग सगळ्यांसमोर टोप काढून फेकतो आणि गायला लागतो. आमच्या आण्णांनी काय केलं ते जगाला कळू दे की गं!"

म्हातारपणी नवीन खेळणं मिळाल्यासारखे खूश होते. मग काय, गेले.

तिकडे नाचले. आसूड कडाडला, टाळ्या पडल्या. ह्यांनी टोपाला हात घातला, तेवढ्यात दिवे गेले आणि पुढचे नाचणारे स्टेजवर चढलेसुद्धा! आत देवव्रतसर म्हणाले, "वेळ संपली हो दादा. पण तुम्ही काय हिट झालात!" हे सगळं ह्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. गाणं झालंच नाही.

तेवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण त्या म्युझियमनं ह्यांचा भिंतीएवढा फोटो लावला. टोप, घागरा, आसूड, आणि खाली नाव. तो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. आमच्या मंडळाचा नितेश घरी येऊन विचारतो, "दादा, हे काय?"

"अरे, मी टोप काढणार होतो ना."

"काढला नाहीत पण."

पोराचं तरी काय चुकलं? माझी मुलगी मीरा नाहूरला असते, तिनं देवव्रतसरांना फोन केला की फोटो उतरवा. तर सर म्हणाले, "अगं, लोक त्याच्याशेजारी उभे राहून सेल्फी काढतात! आता तर तो कायमच्या दालनात घेतलाय." कायमच्या! जीव जळतो हो माझा. सासऱ्यांनी जे एका दिवसात संपवलं, ते त्यांच्याच लेकाच्या अंगावर चढवून तिकडे टांगलंय, आणि उतरवायला आमचा हात पोचत नाही.

ह्या चौदा एप्रिलला मंडळानं बोलावलं, जुना माणूस म्हणून. मी नवा सदरा काढून दिला. मला वाटलं, गातील, आपली माणसं ऐकतील, मिटेल सगळं. हे उभे राहिले, पेटीचा सूर धरला आणि सुरू केलं, "कातर चालली बापाच्या केसावर..."

मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, आधी टोप काढा!"

हशा पिकला. सगळेच नाही हसले, पण पुष्कळ हसले. हे थांबले. पेटीवाला तसाच सूर धरून बसला.

ह्यांच्या डोक्यावर आता धड केससुद्धा उरलेले नाहीत. तरी हात वर गेला आणि डोकं चाचपायला लागला.